पहिल्या बस्करपट्टीवर

श्रीगजाननाला आणि जिच्या कृपेने मुक्या जिवालाही शब्द फुटतो त्या वाग्देवतेला वंदन करून लिहायला बसलो आहे. येत्या पौर्णिमेला घरच्यांनी माझे सहस्रचंद्रदर्शन योजिले आहे आणि त्या निमित्ताने माझे जुने विद्यार्थी एक लहानशी पुस्तिका काढणार आहेत. तेही आता निवृत्त झालेले, नातवंडांचे आजोबा. परवा त्यांतले तिघे आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही आम्हांला अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवलंत, ती रीत लिहून द्या. हल्ली इंग्रजी शाळांतून त्याच गोष्टीचं केवढं कौतुक चाललंय!” रीत लिहून देतो. परंतु त्या रीतीने मी एका मुलीचे जे केले तेही लिहितो. वाचून झाल्यावर पुस्तिकेत ठेवायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

माझे बालपण पाठशाळेत गेले. गुरुजी म्हणत, आम्ही ऐकत असू आणि जसेच्या तसे परत म्हणत असू. पोथी समोर धरून म्हणणारा आमच्यात हलका समजला जाई. एक ध्वनी बिघडला की पुढचा मंत्र मिळत नसे. एका स्वराच्या चढउतारासाठी मी सतरा दिवस एकाच ऋचेवर बसून होतो. अठराव्या दिवशी गुरुजींनी किंचित मान हलवली, तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो. त्या अडवून धरण्यात मला कधी निष्ठुरता दिसली नाही. शिष्याला अडवणे हाच त्याचा आदर, असे माझ्या मनात त्या वयातच ठसले.

पुढे संस्कृत विद्येवर पोट भरेना, तेव्हा स्वातंत्र्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत मी ठाण्याला आलो आणि कोपरीतल्या एका प्राथमिक शाळेत बिगरीच्या वर्गावर रुजू झालो. वर्गात दोन प्रकारची मुले होती. स्टेशनाजवळच्या चाळींतून येणारी, ज्यांचे वडील रेल्वेत किंवा मुंबईच्या कचेऱ्यांत कारकून होते ती. आणि खाडीच्या अंगाला राहणारी, ज्यांची घरे मिठागरांवर राबत ती आगऱ्यांची मुले. माझ्या आधीचे मास्तर ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ असे सगळ्या वर्गाकडून एका सुरात घोकून घेत. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ‘नळ’ लिहून एका मुलाला वाचायला सांगितले. त्याने छाती काढून वाचले, “नळाचा न, बाळाचा ळ.”

“मग काय झालं?” मी विचारले.

“बाळ नळावर गेलं, गुरुजी,” मागून दुसरा म्हणाला, आणि वर्ग हसला.

मीही हसलो. पण त्या संध्याकाळी ठरवले की चित्रे पुसायची आणि ध्वनी शिकवायचा. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी गळ्यावर हात ठेवून ‘ग’ म्हणावा आणि आत होणारी थरथर बोटांना जाणवू द्यावी. तोंडापुढे कागदाची पातळ पट्टी धरून ‘क’ म्हणावा, मग ‘ख’ म्हणावा; ‘ख’ला पट्टी हलली पाहिजे. ओठ मिटून ‘म’ला गुणगुणावे. जीभ टाळूला कुठे लागते ते पाहण्यासाठी मी एक छोटा आरसा आणून ठेवला होता. कंठापासून ओठांपर्यंत एकेक स्थान घेत जायचे, ध्वनी पक्का झाला की त्याची आकृती दाखवायची, मग दोन ध्वनी जोडायचे. हेडमास्तर दारातून डोकावून म्हणत, “पंडितजी, वाचायला शिकवताय की दातांचा दवाखाना उघडलाय?” पण चाळींतली मुले श्रावण सरता सरता वाचू लागली, तेव्हा तेच हेडमास्तर पाहुण्यांना मुद्दाम माझ्या वर्गात आणू लागले.

एक नियम मात्र मी पाठशाळेतून जसाच्या तसा उचलला होता. वर्गात बसण्यासाठी तीन लांब बस्करपट्ट्या होत्या. पहिल्या पट्टीवर ध्वनी शिकणारी, दुसरीवर ध्वनी जोडणारी, तिसरीवर पुस्तक वाचणारी मुले बसत. पुस्तके माझ्या काचेच्या कपाटात असत. सर्व ध्वनी तोंडातून निर्दोष निघाल्याशिवाय दुसऱ्या पट्टीवर जाता येत नसे आणि तिसरीवर गेल्याखेरीज पुस्तक हाती येत नसे. मुलाला पुस्तक देताना मी ते आधी कपाळाला लावत असे. मूलही लावी. तो मला एक छोटा संस्कारच वाटे.

त्या पहिल्याच वर्षी जूनमध्ये एक मिठागरावरचा गडी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी आठेक वर्षांची, वर्गातल्या इतरांपेक्षा वितभर उंच. तो चपला बाहेर ठेवून उंबऱ्याशीच उभा राहिला.

“गुरुजी, एक गोष्ट सरल बोलतो,” तो म्हणाला. “दिवाली झाली का मिठाचा हंगाम लागतं. तवरी पोर तुमची. वाचाला लागली तं चौथीपावत शिकवीन, माझे आईनी कितीबी बोंब मारली तरी. नाय लागली तं आगरावर.”

“लागेल वाचायला,” मी म्हणालो. “पाच महिने पुष्कळ झाले.”

मुलगी पहिल्या पट्टीवर भिंतीकडच्या टोकाला बसली. कंठ्य ध्वनी तिने दोन दिवसांत उचलले. कागदाची पट्टी तिच्या ‘ख’ने अशी फडफडे की शेजारची मुले टाळ्या वाजवत. मला वाटले, ही गणपतीच्या आत पुस्तकावर येईल. मग आम्ही टाळूच्या मागच्या भागापाशी आलो आणि ती तिथे थांबली. तिच्या घरी पाण्याला पानी म्हणत, काळ्याला काला, घोड्याला घोरा. तिच्या आजी-आजोबांच्या तोंडीही तेच ध्वनी होते. ते चुकीचे नाहीत, खाडीकाठच्या बोलीचे आहेत, हे मला आज कळते. तेव्हा मी त्याला जिभेचा दोष समजलो.

“म्हण, बाण.”

“बान.”

“जीभ मागे वळव. आरशात बघ. बाण.”

ती आरशात बघे, जीभ वळवी, घाम येईपर्यंत वळवी. “बान.”

“घरी कसे म्हणता?”

“घरा समदी असंच बोलतान, गुरुजी.”

“घरी काहीही बोल. इथे शुद्ध.”

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. मी अत्यंत शांतपणे तिला रोज सकाळी त्याच एका जागी परत आणून उभी करत असे. माझ्या त्या शांतपणाची मला पुढे फार चीड आली. रागावलो असतो तर निदान ती रडली असती आणि मला थांबावे लागले असते.

मुले तिला चिडवत. “घोरा घोरा, खातो बोरा!” ती मधल्या सुट्टीत उलटून म्हणे, “तुजा चालतं तरी का रं? आमचा घोरा पलतं!” हे मी खिडकीतून ऐकले होते आणि मला हसू आले होते. जिची बुद्धी इतकी चलाख, तिला नक्की काय येते आणि काय येत नाही हे दुसऱ्या एखाद्या बाजूने तपासून पाहावे, एवढे मात्र सुचले नाही.

सुचले दुसरीच्या वर्गाच्या बाईंना. बाई वयाने माझ्याहून वडील, अकाली वैधव्य आलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. एकदा त्या माझ्या वर्गावरून जाताना थांबल्या आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “त्या खाडीवरच्या पोरीच्या हातात एकदा पुस्तक देऊन तर बघा. ती फळ्याकडे कशी बघते ते पाहिलंत का? डोळे ओळीवरून सरकतात तिचे.”

“उच्चार झाल्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही, बाई. नियम आहे.”

“कुणाचा?”

“माझ्या गुरूंचा.”

“तुमच्या गुरूंनी मंत्र शिकवले हो. तिला कुठं यज्ञ करायचाय? तुम्ही तिचं तोंड धुऊन काढताय की तिला वाचायला शिकवताय?”

मला ते झोंबले. मी म्हणालो, “आपण आपला वर्ग सांभाळावा.” त्यानंतर बाई त्या विषयावर माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असे. मुले पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढत, झेंडूची फुले आणत, आणि ज्यांच्याकडे पुस्तक असे ती ते पाटीशेजारी मांडत. त्या दिवशी मी हळदकुंकू घेऊन ओळीने फिरत होतो. पहिल्या पट्टीवर पोचलो तेव्हा तिने पाटीवर रेखीव सरस्वती काढली होती, आणि पाटीशेजारची जागा ओल्या फडक्याने पुसून मोकळी ठेवली होती.

“गुरुजी, मना पुस्तक नाय. यं मी काय ठेवू?”

“पाटी पूज,” मी म्हणालो. “देवी पाटीतही असते.”

वाक्य खोटे नव्हते. अशी खरी वाक्ये मला पुष्कळ येत असत. तिने मान डोलावली आणि मोकळ्या जागी एक फूल ठेवले. त्या पट्टीवर तेव्हा सात मुले उरली होती. सातही खाडीकडची. पाटीपूजनाच्या त्या रांगेत ते माझ्या डोळ्यांसमोर मांडून ठेवल्यासारखे होते, तरी मी ते पाहिले नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तिचा बाप आला. आगराची डागडुजी सुरू झाली असावी, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला होता. मागल्यासारखाच तो उंबऱ्याशी थांबला. मुलगी उठून माझ्या टेबलापाशी आली.

“गुरुजी, वाचतं का माजी पोर?”

मी माझ्या नियमाप्रमाणे, माझ्या समजुतीप्रमाणे प्रामाणिक उत्तर दिले. “अजून पुस्तकापर्यंत आलेली नाही.”

“कवरे दिस लागतील?”

“जिभेचे काम आहे. वर्षही लागेल.”

मुलगी एकदम म्हणाली, “बा, मना येतं. मना वाचाला येतं!”

“गप्प,” मी म्हणालो. “येत असते तर मी सांगितले नसते का?”

बापाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “गुरुजी कनाला खोटं बोलतील गो,” तो तिला म्हणाला, आणि मला हात जोडले. तिने पाटी पिशवीत घातली. जाताना तिने मला रीतसर वाकून नमस्कार केला आणि मी रीतसर आशीर्वाद दिला, ‘विद्यावती हो’ असा.

सुट्टीनंतर ती आली नाही. पंधरवडा उलटल्यावर हेडमास्तरांनी मला पटावरून नाव कमी करण्याचा अर्ज लिहून त्यावर पालकाचा अंगठा घेऊन यायला सांगितले. मी अर्ज माझ्या वळणदार अक्षरात लिहिला, शाईची डबी पिशवीत टाकली आणि रविवारी सकाळी स्नानसंध्या आटोपून खाडीकडे गेलो. बांधावरून चालताना दोन्हीकडे आगराचे चौकोन पाण्याने भरलेले होते. बाप आणि मुलगी एका चौकोनाच्या कडेला पायांनी चिखल तुडवून तळ घट्ट करत होती. मला पाहताच दोघे बांधावर चढली. मुलीने हात परकराला पुसले.

मी येण्याचे कारण सांगितले आणि अर्ज पुढे केला. बापाने तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट पाहिला, आणि अगदी सहजपणे, रोजची सवय असल्यासारखा, मुलीपुढे धरला.

“काय लिवलंय, वाच.”

तिने वाचला. बोट न लावता, न अडखळता, एका दमात वाचला. “विद्यार्थिनीचे पालक यांचेकरून विनंती अर्ज, की सदर विद्यार्थिनीची अभ्यासात प्रगती नसल्याकारनाने तिचे नाव शालेच्या पटावरून कमी करन्यात यावे.” जोडाक्षरे सगळी नीट लागली. ‘ण’, ‘ळ’ आणि ‘ड’ तिच्या घरच्या तोंडाने निघाले, आणि बापाला त्यातले एकेक अक्षर कळले. शेवटची ओळ वाचून तिने माझ्याकडे पाहिले. तिचे स्वतःचे नाव शाळेतून काढणारा कागद तिने मला वाचून दाखवला होता, आणि तिला वाचता येत नाही हे त्यात मीच लिहिले होते.

मी बांधावर बसलो.

“केव्हापासून वाचतेस?”

“गनपतीपासून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितला, गुरुजी. तुमी गप बोललाव.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. विचारले त्याचे उत्तर दिले, एवढेच. मी काठीने ओल्या मातीत ‘न’ काढला, शेजारी ‘ण’ काढला, आणि कोणता कुठला ते विचारले. ती जराशी हसली. एवढे सोपे विचारल्याचे तिला नवल वाटले असावे. “यो नलाचा, यो बानाचा.” म्हणजे तिच्या डोळ्यांत दोन्ही अक्षरे स्वच्छ वेगळी होती. चार महिने मी तिच्या तोंडापुढे आरसा धरून बसलो होतो आणि वाचन तोंडाच्या कितीतरी वर, डोळ्यांत आणि मनात, केव्हाच पुरे झाले होते.

मी बापाला म्हणालो, “माझं चुकलं. तुमची मुलगी उत्तम वाचते. हा अर्ज मी फाडतो. तिला उद्यापासून पाठवा.”

तो खाडीकडे वळला. मग म्हणाला, “घरा पन असंच वाचतं. पुड्याचा कागद हाती आला का वाचतं. मना वाटला, मनचा लावतं. मना कुठं कलतं, गुरुजी? मी तिला बोललो, तू खोटी. गुरुजी नाय बोलले म्हंजे नाय.”

“आता मी हो म्हणतोय.”

“आता माजी भैन बालंतपनाला बसली. तिचे जागेवर ही लागली. आता हिला काढली तं गडी कमी परतं, आगर दुसऱ्याला देतील.” त्याने अंगठा पुढे केला. “हंगाम सरला का पाठवतो. शब्द देतो.”

मी विनवले. त्याने पुन्हा तेच सांगितले, न चिडता, माझ्यासारख्याच शांतपणे. शेवटी डबी मीच उघडली आणि त्याच्या अंगठ्याला शाई मीच लावली. मुलगी अर्ज दोन्ही कोपऱ्यांनी घट्ट धरून उभी होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कपाटातले पुस्तक घेऊन पुन्हा गेलो. ते मी कपाळाला लावले नाही. तेवढी लाज मला होती. तिने पाने भराभर चाळली. “यो मना पाठ हाय,” ती म्हणाली. तिसऱ्या पट्टीवरची मुले रोज मोठ्याने वाचत, ते सगळे तिने पहिल्या पट्टीवरून ऐकले होते. “दुसरा हाय का, गुरुजी?” माझ्या पिशवीत दुसरे नव्हते. पुढच्या रविवारी बाईंकडून दुसरीचे पुस्तक मागून नेले. बाईंनी कारण विचारले नाही, आणि न विचारण्यात त्यांनी मला जे सांगायचे ते सांगितले. तिसरीचेही नेले. मग कामाची घाई वाढली, दिवसभर मीठ ओढायचे. ती मला पाहून बांधावर चढेनाशी झाली.

बापाने शब्द पाळला नाही असे मी म्हणणार नाही. हंगाम सरल्यावर जूनमध्ये तो तिला घेऊन खरोखरच आला. तिच्या कडेवर आत्याचे मूल होते. आत्या बाळंतपणातून उठलीच नव्हती. हेडमास्तर म्हणाले, मूल घेऊन वर्गात बसता येणार नाही. मी त्यांच्याशी भांडलो. शाळेतल्या माझ्या साऱ्या वर्षांत तेवढे एकदाच भांडलो. ती व्हरांड्यात उभी राहून मुलाला थोपटत होती. भांडण संपायच्या आत ती दोघे निघून गेली होती. ती चौथीपर्यंत शिकली असती, पुढेही शिकली असती. ते मिठागराने हिरावले, मरणाने हिरावले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिले. पण गणपतीनंतर तिच्या हातात पुस्तक असते तर दिवाळीत तिचा बाप माझ्या वर्गातून हसत गेला असता. त्याने दिलेला शब्द तेव्हाच खरा झाला असता, आणि आत्याच्या जागी उभे राहायला त्याला दुसरे कुणीतरी शोधावे लागले असते.

त्याच जूनमध्ये मी पट्ट्यांचा नियम मोडला. पहिल्या दिवशी सगळ्यांना पुस्तक दिले. मुले ‘घोरा’ वाचोत की ‘घोडा’, अक्षर ओळखले तर पुढे जाऊ दिले. ध्वनींची रीत ठेवली. ती रीत चांगलीच आहे, आजही चांगली आहे. हिवाळ्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला की वर्गाच्या उच्चारात शैथिल्य आले आहे. माझी बदली कल्याणला झाली, तिथून डोंबिवलीला. तिथेही खाडीकाठची मुले आली. त्यांतली काही शिकली, एकदोघे मास्तरही झाले. त्यांना पाहून मला बरे वाटावे तसे कधी वाटले नाही. त्यांना जे पहिल्या दिवशी मिळाले ते तिने सगळा वेळ कपाटाच्या काचेतून पाहिले होते.

तिची क्षमा मी मागितली नाही. बापासमोर चूक कबूल केली, तिच्यासमोर नाही. त्या काळी गुरुजी मुलांची क्षमा मागत नसत, आणि मी तो नियमही पाळला. तिला शेवटचे पाहिले ते व्हरांड्यात, पाठमोरे. पुढे ती कुठे दिली, काय वाचले, कुणाला वाचून दाखवले, मला ठाऊक नाही.

हे वाचणाऱ्या तुम्हां सर्वांना माझे आशीर्वाद. तुमच्या घरात जे मूल आपल्या घरच्या बोलीत एखादे अक्षर पहिल्यांदा लावील, त्याचे तोंड तपासण्याआधी त्याच्या हाती पुस्तक पडो. ‘मला येते’ असे ते म्हणाले तर ते ऐकणारे कुणी त्या घरात असो. तुमच्या उंबऱ्याच्या आत अन्न, आरोग्य आणि विद्या यांचा वास राहो, आणि म्हातारपणी तुमच्यावर असे काही लिहायची पाळी ईश्वर न आणो.